मराठी न येणारे यंत्र

गुरुवार, १८ जानेवारी २०२४, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी वेसाव्याहून फोन आला. मी मुलुंडच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलाशी, दुसऱ्या एका पुस्तकाची अनुक्रमणिका जुळवत होतो. वेळ अचूक सांगता येते, कारण माझ्या जुन्या संगणकाच्या कोपऱ्यात ती दिसते आणि कामाव्यतिरिक्त त्याच्या पडद्यावर दुसरे काहीच दिसत नाही.

फोन करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पालिकेच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे मराठी शिकवले. जन्म वेसाव्याच्या कोळीवाड्यातला, सासरही तिथलेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या लोकांच्या बोलीतले दर्याचे शब्द गोळा करायला घेतले: वाऱ्यांचे, पाण्याचे, जाळ्यांचे, होड्यांचे, मासळीचे. त्याला अकरा वर्षे लागली. त्या संग्रहाची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन माझ्याकडे होते. शहाण्णव पाने, म्हणजे सोळा पानांचा एक असे सहा फर्मे. पहिले तीन कुर्ल्याच्या छापखान्यात छापून झाले होते. उरलेल्या तिन्हींच्या छपाईच्या प्लेटा त्या दिवशी चार वाजता व्हायच्या होत्या. रविवारी वेसाव्यात प्रकाशन होते आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी शब्द दिले, ती सगळी येणार होती.

"भाऊ, तुम्ही माझं पुस्तक शुद्ध केलंत?" बाईंनी नमस्कारही न करता विचारले.

"पुस्तक शुद्धच असायला हवे."

"तसं नाही हो. पान एकोणपन्नास काढा."

"छापील पान माझ्याजवळ नाही."

"मग ऐका. 'पाणी उभे राहणे'. कोण बोलतं असं आमच्यात? माझी सासू असं बोलली असती ना, तर मी आधी डॉक्टरला बोलावलं असतं."

मी कागदावर ४९ असा आकडा लिहिला.

"मी लिहून दिलं होतं 'पानी उभं रायनं'. पुढे वाचू? 'होडी'. मी लिहिलं होतं 'होरी'. 'जाळे'. मी लिहिलं होतं 'जालं'. 'वारा पडला'. तिथं 'वारा परला' होतं. एका पानावर सात चुका. एवढ्याला मी शाळेत पोरांना उभं करायची."

"किती पानांवर?"

"एकोणपन्नासपासून बघतेय. पासष्टपर्यंत आले. सगळीकडे हेच."

छापखान्याचे मालक प्लेटा करण्यापूर्वी पानांचा एक छापील नमुना लेखकाकडे पाठवतात. तो आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी पोहोचला होता. पहिल्या तीन फर्म्यांची मुद्रिते त्यांनी स्वतः तपासली होती. त्यानंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया झाली आणि उरलेली पाने त्यांनी माझ्यावर सोपवली. "तुम्ही आहात ना," एवढेच तेव्हा म्हणाल्या होत्या.

वेसाव्याच्या बोलीत ण जवळजवळ उच्चारला जात नाही. ळ चा ल होतो आणि ड चा पुष्कळदा र. संग्रहाची मांडणी अशी होती: आधी बोलीतला शब्द, मग बोलीतलेच एक वाक्य, आणि त्याखाली प्रमाण मराठीत अर्थ. शब्द आणि वाक्य प्रमाण मराठीत छापले गेले, तर खालच्या अर्थालाही अर्थ उरत नव्हता.

"भाऊ, एक सांगते," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "बत्तीस वर्षं मी लाल शाईनं 'पानी' खोडलं आणि वर 'पाणी' लिहिलं. माझ्या भावाच्या मुलांच्या वह्यांत खोडलं. पोरं घरी गेली आणि आईला म्हणाली, तू चुकीचं बोलतेस. हे मी केलंय, दुसऱ्या कुणी नाही. त्यासाठी हे पुस्तक केलं. रविवारी त्या आया समोर बसणार आहेत. त्यांच्या हातात मी परत खोडलेली वही देऊ?"

मी म्हणालो, "ही पाने अशी छापली जाणार नाहीत."

फोन ठेवल्यावर लक्षात आले की हे माझ्या हातात नव्हते. ज्यांच्या हातात होते त्यांना लगेच फोन केला.

"काका, चार म्हणजे चार," छापखान्याचे मालक म्हणाले. "साडेचारला प्लेटच्या मशीनवर दुसऱ्या पार्टीचं काम चढतंय, आणि तुमचं रात्री छापायचंय. बाइंडर उद्या सकाळी फर्मे उचलणार, तो माझ्या बापाचंही ऐकत नाही. तुमची फाईल आहे ना माझ्याकडे? ती जाऊ दे."

"ती फाईल चुकीची आहे. ती वापरायची नाही."

"मग दुसरी द्या. चारच्या आत. नाहीतर रविवार विसरा. वाट लावू नका ना यार काका माझी."

येथे माझ्या घरातल्या दोन यंत्रांविषयी सांगणे भाग आहे.

जुना संगणक वीस वर्षांहून अधिक वयाचा आहे. त्यावरची प्रणाली त्याहूनही जुनी. ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे पाहणे केव्हाच सोडून दिले. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. सुरू केला की राखाडी पडदा आणि त्यावर चार चिन्हे येतात. त्याच्या दृष्टीने मराठी अक्षरे केवळ आकृत्या आहेत. ण हे अक्षर त्याला ठाऊक नाही. अर्धा ण ही एक कळ आणि त्यापुढची उभी दांडी ही दुसरी. तरुणपणी गिरगावातल्या छापखान्यात मी शिशाचे खिळे जुळवत असे. आपण कोणत्या शब्दात बसलो आहोत हे खिळ्याला कळत नसे. या संगणकालाही कळत नाही. त्याला मराठी येत नाही, म्हणून तो मराठीच्या वाटेला जात नाही.

लोकांना हा हट्ट वाटतो, किंवा म्हातारपण. मालाडला एक चित्रकार राहतात. पुस्तकांची मुखपृष्ठे करतात, वयाने माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहेत, आणि तरीही असेच एक जुने यंत्र सांभाळून आहेत. मी त्यांना एकदा कारण विचारले. ते म्हणाले, "काका, ते गप्प बसतं. नवीन मशीन सारखं विचारतं, हे करून देऊ, ते करून देऊ. एकदा हो म्हटलं की चित्र कुणाचं तेच कळत नाही." याहून नेमके उत्तर मला देता येणार नाही. जो हाताने काही घडवतो, त्याला प्रत्येक रेघ कोठून आली हे माहीत असावे लागते. नव्या प्रणाली वाईट आहेत असे मी कधी म्हटले नाही. त्या मदत करतात. मदत मागितलेली नसते, एवढाच माझा आक्षेप आहे.

नवा लॅपटॉप मुलीने आणून दिला. ती बोरिवलीला राहते आणि अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. लॅपटॉपवर मी बाईंचे पहिले प्रकरण टंकायला घेतले तेव्हा पानभर लाल नागमोडी रेघा उमटल्या. 'पानी'खाली रेघ, 'होरी'खाली रेघ. चुकले नसताना चूक दाखवणारी ती रेघ पाहता पाहता हात दुरुस्तीकडे जाऊ लागतो. अर्ध्या तासात मी त्याचे झाकण मिटले आणि संपूर्ण पुस्तक जुन्या संगणकावरच जुळवले. परंतु बाईंना हा संग्रह फोनवरही वाचता यावा असे वाटत होते. होड्यांवर जाणारी मुले पुस्तक उघडत नाहीत, फोन उघडतात. जुन्या आकृत्या फोनला कळत नाहीत. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलीने सगळा मजकूर लॅपटॉपवर घेऊन नव्या पद्धतीच्या अक्षरांत बदलला, आणि दोन प्रतींत फरक नको म्हणून छापखान्याची फाईलही त्यातूनच काढली.

म्हणून त्या सकाळी माझ्या मनात शंका नव्हती. मी मुलीला कामाच्या वेळी फोन करत नाही. त्या दिवशी केला.

"तुझ्या लॅपटॉपने बाईंचे पुस्तक बिघडवले आहे."

"बाबा, गुड मॉर्निंग. काय झालं?"

मी सांगितले.

"शक्य नाही. कन्व्हर्टर फक्त अक्षराचा कोड बदलतो. ण चा न किंवा न चा ण करत नाही."

"त्याने केला आहे."

"त्यानं लाल रेघा मारल्या, बस. मी एकाही रेघेवर क्लिक केलं नाही. तुम्ही दम दिला होता ना मला, हात लावलास तर बघ म्हणून?"

"मग हे आपोआप झाले?"

"तुमच्या जुन्या मशीनवरची फाईल उघडून बघितलीत?"

"त्याची गरज नाही. त्या यंत्राला मराठी येत नाही."

"त्याला येत नाही, बाबा. तुम्हाला येतं ना?"

ती मीटिंगला गेली. मी फोन ठेवला आणि जुन्या संगणकावर चौथ्या फर्म्याचे प्रकरण उघडले.

पहिल्याच ओळीत होते: 'पाणी उभे राहणे'.

पाचव्या फर्म्याचे उघडले. सहाव्याचे उघडले. तेथेही तेच. मग पहिल्या तीन फर्म्यांची प्रकरणे उघडली. तेथे 'पानी' होते, 'होरी' होते, सगळे बाईंच्या हस्तलिखिताप्रमाणे. जुने यंत्र प्रत्येक फाईलशेजारी ती कधी साठवली ती तारीख दाखवते. बिघडलेल्या तिन्ही फाईली नोव्हेंबरच्या एकाच पंधरवड्यातल्या होत्या. त्या तारखा मला ओळखता आल्या. त्या पंधरवड्यात माझी पत्नी इस्पितळात होती. मी सकाळ-संध्याकाळ तेथे जात असे आणि मधल्या वेळात घरी येऊन जुळणी करत असे. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. लक्ष कामात नव्हते, आणि पन्नास वर्षे अशुद्ध शब्द दिसला की शुद्ध करणारे हात आपले आपण काम करत राहिले होते. पुढे मुद्रिते तपासतानाही त्याच डोळ्यांना ते सगळे बरोबर दिसले.

यंत्राने मला अडवले नव्हते. लाल रेघ मारली नव्हती. मी जे दिले ते त्याने जसेच्या तसे ठेवले होते. याच गुणासाठी मी त्याला वीस वर्षे सांभाळले होते.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. मी बाईंना फोन केला.

"चूक सापडली," मी म्हणालो. "माझी आहे. नोव्हेंबरात मी ही पाने जुळवली, तेव्हा माझ्या हाताने तुमचे शब्द बदलले."

पलीकडे पाने मिटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पण मास्तरच."

"हस्तलिखित तुमच्याकडे आहे?"

"आहे. समोरच आहे."

"तर तुम्ही वाचा, मी दुरुस्त करतो. चारपर्यंत वेळ आहे. अठ्ठेचाळीस पाने."

"डॉक्टरांनी सलग वाचायला मनाई केलीये."

"मग राहू द्या. दुसरा कोणी वाचणारा पाहू."

"दुसऱ्यानं वाचलं तर तोही शुद्ध करेल," त्या म्हणाल्या. "डोळ्यात थेंब टाकून येते. फोन ठेवू नका."

आम्ही सुरुवात केली. मी फोनचा स्पीकर चालू करून तो कळफलकाशेजारी ठेवला. त्या एक नोंद वाचत, मी पडद्यावरची नोंद बदलत असे, मग वाचून दाखवत असे. पहिल्या काही पानांवर त्यांनी मला पुन्हा पुन्हा थांबवले.

"काय म्हणालात? 'पाणी चरलं'?"

"तसेच लिहिले आहे."

"तसं नाही. 'पानी चरलं'. अर्धंच सुधारलंत. 'चढले'चं 'चरलं' केलंत, ण तसाच ठेवलात."

मी पाहिले. अर्धा ण, पुढे दांडी. तो काढला.

"भाऊ, म्हणून दाखवा बघू. पानी."

"पानी."

"जिभेला त्रास होतोय ना? आमच्या पोरांना उलटा व्हायचा. छड्या खाल्ल्या त्यांनी."

साडेअकरापर्यंत चौथा फर्मा झाला. एका फर्म्याला सव्वा तासाहून अधिक लागला होता. या गतीने उरलेले दोन सव्वादोनला संपले असते, पण बाईंचा आवाज थकू लागला होता आणि मध्ये दोनदा थेंब टाकायला त्या उठल्या होत्या. शिवाय पाचवा फर्मा सगळा पाण्याचाच होता: भरतीचे, ओहोटीचे, भांगाच्या मंद भरतीचे, उधाणाचे. त्यात तो एकच शब्द शंभराहून अधिक वेळा आला होता. चाळीस मिनिटांत आम्ही पाच पाने पुढे सरकलो.

तेव्हा मी दुसरी चूक केली. प्रत्येक 'पाणी' हाताने बदलत बसण्यापेक्षा सगळे एकदम बदलावे असे ठरवले. जुन्या प्रणालीला एक शब्द शोधून दुसरा ठेवायला सांगता येते. मी सांगितले. तिने क्षणात केले. खात्री आहे का, असे तिने विचारले नाही. ती कधीच विचारत नाही. मी सवयीने फाईल साठवली आणि वर पाहिले.

अर्थांमधलेही पाणी गेले होते. 'भरतीचे पाणी किनाऱ्याला टेकून थांबते ती वेळ' या प्रमाण मराठीतल्या ओळीत आता 'पानी' होते. पाचव्या फर्म्यातल्या प्रत्येक अर्थात हेच झाले होते. त्या प्रणालीत फक्त एक पाऊल मागे जाता येते, आणि साठवल्यावर तेही जाता येत नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारले. "गप्प का झालात?"

"पाचवा फर्मा पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल."

"देवा! आता काय केलंत?"

"एकदम बदलायला गेलो."

"मी पण तेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्या वर्गाला एकदम."

मी रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची एक प्रत वेगळी ठेवतो. आदल्या संध्याकाळची प्रत काढली. त्यात त्या सकाळची चाळीस मिनिटे नव्हती. सव्वाबारा वाजले होते. बाईंनी विश्रांती घ्यावी असे मी सुचवले. त्यांनी नकार दिला, सुनेला हाक मारून चहा मागवला आणि पान पासष्टपासून पुन्हा वाचायला लागल्या. मी जेवलो नाही. त्यांनीही जेवल्याचे आवाजावरून वाटले नाही.

दोनच्या सुमारास एक नोंद आली जी त्यांनी दोनदा वाचली. 'वारा परला न पानी उभं रायलं.' वाक्य त्यांच्या सासूचे होते. मी ते टंकले आणि मोठ्याने वाचून दाखवले.

"बरोबर," त्या म्हणाल्या. नंतर तीच ओळ त्यांनी तिसऱ्यांदा, हळूच म्हटली. मी वाट पाहिली. मग त्यांनी पुढचा शब्द वाचला.

तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सहाव्या फर्म्याची शेवटची नोंद झाली. तपासून पाहायला वेळ नव्हता. मी तिन्ही फर्म्यांच्या छापायच्या फाईली जुन्या यंत्रावरच काढल्या. अक्षरांचे आकार त्यातच बांधलेले असतात, छापखान्याला तेवढे पुरते. प्रश्न त्या पाठवण्याचा होता. जुना संगणक कशालाच जोडलेला नाही. फाईली पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपला लावायच्या आणि तेथून ईमेलने पाठवायच्या, एवढाच मार्ग होता.

पेनड्राइव्हवर फाईली उतरायला सहा मिनिटे गेली. लॅपटॉप उघडला. त्याने माझा संकेतशब्द स्वीकारला आणि मग सांगितले की बऱ्याच दिवसांनी आल्यामुळे ओळख पटवणे आवश्यक आहे, त्यासाठी एक अंक पाठवला आहे. तो माझ्या फोनवर आला नाही. तीन वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती.

मुलीला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. दोन मिनिटांत करते."

"दोन मिनिटे नाहीत. अंक तुझ्या फोनवर आला असेल, तो सांग."

तिने सांगितला. मी टाकला. चुकीचा आहे असे उत्तर आले.

"जुना दिला का मी? थांबा, नवीन आलाय. लिहा." ती एकेक आकडा सावकाश म्हणाली. मी टाकला. दार उघडले.

"गेलं?"

"पाठवतो आहे."

"चूक कुणाची निघाली?"

"माझी. फाईल जुन्या यंत्रावरच तशी होती. तुझ्यावर सकाळी आरोप केला, तो चुकीचा होता."

मागे माणसांचे बोलणे ऐकू येत होते.

"कुठली पानं?"

"नोव्हेंबरची."

"अच्छा," ती म्हणाली. तिलाही त्या तारखा ठाऊक होत्या. "पाठवा. मी आहे लाइनवर. गेल्याचं दिसल्याशिवाय झाकण मिटू नका."

तीन वाजून बावन्न मिनिटांनी गेल्याचे दिसले. मी छापखान्यात कळवले. बाईंना कळवले. मग स्वयंपाकघरात उभा राहून दोन पोळ्या खाल्ल्या.

चार वाजून वीस मिनिटांनी छापखान्याचे मालक स्वतः फोनवर आले. स्वर आनंदी होता.

"काका, नशीब समजा मी बघितलं. घाईत केलेलं दिसतंय तुम्ही. लई चुका आहेत. पानी लिहिलंय सगळीकडे. होरी लिहिलंय. माझा प्लेटवाला मराठीत हुशार आहे, तो बसलाय. फटाफट सुधारून प्लेट काढू का?"

मी उभा राहिलो.

"त्याने काही बदलले आहे का?"

"एक पान झालंय बहुतेक. का?"

"ते पान टाकून द्या. मी पाठवलेली फाईल पुन्हा उघडा. त्याला यंत्रापासून उठवा."

"अहो काका, रागावता काय, मदतच करतोय ना!"

"मदत नको आहे. ती चूक नाही. ती त्यांची बोली आहे. तुमचे आजोबा कुठले?"

"मालवणकडचे. का?"

"ते घरात 'खय गेललंस' म्हणत असतील. ते कोणी 'कुठे गेला होतास' असे छापले तर चालेल?"

ते हसले. मग हसायचे थांबले. "आजी म्हणायची तसं," ते म्हणाले. "आमच्या शाळेतली पोरं हसायची तिला." त्यांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी हाक मारली. "ए, ऊठ रे तिथून. ओरिजिनल उघड. एक अक्षर हलवू नको." मग मला म्हणाले, "लिहून पाठवा काका. रात्री मशीनवर दुसरा माणूस असतो. तोही शहाणा आहे."

मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'पान ४९ ते ९६. शब्द आहेत तसेच छापावेत. लेखिकेची बोली आहे. कोणीही शुद्ध करू नये.' खाली सही केली, फोनने त्याचे छायाचित्र काढले आणि पाठवले. साडेपाचला त्यांनी तीन प्लेटांची छायाचित्रे परत पाठवली. मी भिंग घेऊन फोनवर पाहत बसलो. पान एकोणपन्नास, पहिली ओळ. पान पासष्ट. पान त्र्याऐंशी. तिन्ही ठिकाणी बरोबर होते. सगळी पाने पाहणे शक्य नव्हते. मी बाईंना फोन करून तेवढेच सांगितले.

"म्हणजे रविवार आहे?" त्यांनी विचारले.

"रविवार आहे. मी तपासलेली पाने बरोबर आहेत. न तपासलेल्यांची खात्री देत नाही."

"एखादा 'पाणी' राहिला असेल, तर राहू दे," त्या म्हणाल्या. "पेन घेऊन बसेन मी. लाल नाही, निळं."

आता एकच काम उरले होते. फोनवर वाचायची प्रत लॅपटॉपमध्ये अजून चुकीचीच होती, आणि तीच पुढे मुलांच्या हातात जाणार होती. दुरुस्त पाने मुलगी पुन्हा बदलून देऊ शकली असती, पण ती तपासायला त्या दिवशी बाईंचे डोळे नव्हते आणि माझेही नव्हते. मी लॅपटॉपवर ती तिन्ही प्रकरणे एकेक करून उघडली, प्रत्येकाच्या पहिल्या ओळीच्या वर 'चुकीची प्रत, वापरू नये' असे टंकले, साठवले, आणि लॅपटॉप बंद केला.